नशिराबाद ते जळगाव, साठ हजार ठिणग्या

केळीच्या बागेवरून अकरा हजाराची लाइन गेली असेल तर तिच्याखाली लोखंडी शिडी उभी करायची नाही, हे नशिराबादकडच्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. ती लाइन डीपीवर येते, डीपी ११,००० व्होल्टचे चारशेच्या आसपास करते आणि मग विहिरीवरची मोटर चालते. त्याच बांधाला कोणीतरी जुनी स्प्लेंडर लावून ठेवलेली असते. तिच्या टाकीखाली मुठीत मावणारी एक डीपी आहे, फक्त उलट्या कामाची. तीनेकशे व्होल्ट घेऊन ती दहा, पंधरा, वेळ पडली तर वीस हजार व्होल्ट करते आणि प्लगला देते. ज्या तारेखाली उभं राहायला आपण घाबरतो तिच्यापेक्षा जास्त दाबाची वीज दोन मांड्यांमध्ये घेऊन आपण रोज बाजाराला जातो.

जळगाव इथून दहाएक किलोमीटर. जुन्या सहा नंबरच्या हायवेने (कागदोपत्री तो आता ५३ झाला आहे) ताशी चाळीसने निघालं तर पाव तास. या वेगाला शंभर सीसीचं इंजिन टॉप गिअरमध्ये मिनिटाला चारेक हजार फेरे मारतं आणि प्रत्येक फेऱ्याला प्लगमध्ये एक ठिणगी पडते. पाव तासात साठ हजार. त्यातल्या निम्म्या, म्हणजे तीस हजार ठिणग्या, चक्क वाया जातात. चार स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोल पेटतं दोन फेऱ्यांतून एकदा. पण ठिणगीची वेळ सांगणारा मॅग्नेट क्रँकवर बसवलेला असतो आणि आत्ता पिस्टन वर आलं ते मिश्रण दाबत आलं की धूर बाहेर ढकलत आलं, हे क्रँकला कळायचा मार्ग नाही. ते कळावं म्हणून कॅमशाफ्टवर आणखी एक यंत्रणा बसवण्यापेक्षा धुरात ठिणगी टाकणं स्वस्त. इतकी उधळपट्टी इतक्या काटकसरी विचारातून निघालेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणि उधळपट्टी तरी केवढी? एका ठिणगीमागची ऊर्जा जेमतेम ०.०४५ जूल. सेकंदाला अशा सदुसष्ट ठिणग्या धरल्या तरी सगळे मिळून तीन वॅट. एवढ्यात घरातला लहानात लहान एलईडी दिवा जळतो. तेवढ्यावर पाच हजार वॅटपर्यंत ताकद देणारं इंजिन चालतं, मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं आणि हँडलला भाजीची पिशवी असली तरी.

ही ठिणगी नेमकी कधी पडायची हे एचटी कॉईल, म्हणजे टाकीखालची ती मुठीतली डीपी, ठरवत नाही. ती हुकमाची ताबेदार. हुकूम देते सीटखाली किंवा बाजूच्या पॅनेलआड रबरात अडकवलेली एक काळी डबी. तिचं पूर्ण नाव कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन, गॅरेजात सीडीआय. तळहातावर मावते, हलत नाही, आवाज करत नाही, आणि उघडता येत नाही: आतलं सगळं काळ्या रेझिनमध्ये ओतून कायमचं बंद केलेलं असतं. म्हणून तिची दुरुस्ती नसते, बदली असते. बदलायला दहा मिनिटं पुरतात. बदलायची की नाही हे ठरवायला मात्र त्या बंद डबीत काय जातं आणि काय बाहेर येतं एवढ्यावरून आतलं सगळं ओळखावं लागतं. चांगला मिस्तरी आणि नुसता पार्ट बदलणारा यांच्यातला फरक तिथे दिसतो.

आत काय जातं ते आधी पाहू. इंजिनाच्या डाव्या झाकणाखाली एक जड वाटीसारखं चाक, म्हणजेच तो मॅग्नेट, क्रँकबरोबर फिरतं, त्याच्या आतल्या बाजूला चुंबकं बसवलेली असतात आणि त्यांच्या मध्ये तांब्याच्या तारेच्या कॉईल स्थिर असतात. चुंबक कॉईलसमोरून गेलं की कॉईलमध्ये वीज तयार होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेली गोष्ट, बाकी काही नाही. नशिराबादहून भुसावळ ओलांडून गेलं की दीपनगरच्या चिमण्या दिसतात. तिथल्या ५०० मेगावॅटच्या संचांतही हेच चालतं, फक्त तिथे फिरणारं चुंबक विजेवर चालणारं असतं. गंमत अशी, की आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असल्यामुळे तिथला रोटर मिनिटाला बरोबर ३,००० फेरे मारतो. टॉप गिअरमध्ये ताशी तीसच्या आसपास चाललेल्या स्प्लेंडरचा मॅग्नेटही तेवढेच फेरे मारतो. गर्दीतून हळूहळू चाललेली जुनी फटफटी आणि अर्ध्या जिल्ह्याला पुरेल एवढी वीज करणारा संच एकाच गतीने फिरत असतात.

मॅग्नेटमधल्या एका कॉईलला अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. हिला एक्साइटर कॉईल म्हणतात. वेढे जास्त म्हणून हिची वीज शंभर-दोनशे व्होल्टच्या पुढे जाते. ती डबीत शिरते, डायोडमधून एकाच दिशेने पुढे सरकते आणि कपॅसिटरमध्ये साठते. फेरा पुरा व्हायच्या आत कपॅसिटर तीनेकशे व्होल्टपर्यंत भरून तयार. बॅटरीचा यात काही संबंध नाही. खेड्यापाड्यांत बॅटरी काढून टाकलेल्या, हॉर्न मेलेला, इंडिकेटर मेलेले, तरी अर्ध्या किकमध्ये सुरू होणाऱ्या गाड्या दिसतात त्याचं रहस्य हे आहे. किक मारणारा पायच ठिणगीची वीज तयार करतो. (नंतरच्या बऱ्याच गाड्यांत डीसी सीडीआय आली. ती बॅटरीचे बारा व्होल्ट घेऊन आतच ते वाढवते. त्या गाडीची बॅटरी पार झोपली तर डबीही झोपते.)

भरलेला कपॅसिटर आता वाट बघतो. मॅग्नेटच्या बाहेरच्या अंगावर लोखंडाचा एक उंचवटा असतो आणि त्याच्याशेजारी, मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावर, एक छोटी कॉईल: पल्सर किंवा पिकअप कॉईल. उंचवटा समोरून गेला की हिच्यात एखाद-दुसऱ्या व्होल्टचा झटका येतो. तो डबीतल्या एससीआर या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या गेटवर पोचतो, आणि क्षणापूर्वीपर्यंत पूर्ण बंद असलेला एससीआर पूर्ण उघडतो. तीनशे व्होल्ट एका दमात एचटी कॉईलमध्ये ओतले जातात, तिथे त्यांचे हजारो होतात आणि प्लगच्या ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या फटीत निळा चटका उडतो. कपॅसिटर रिकामा झाला की एससीआर आपोआप बंद. पुन्हा भरणं सुरू.

एससीआरची खुबी ही, की गेटवर नुसती टिचकी मारावी लागते. एकदा उघडला की टिचकी थांबली तरी तो उघडाच राहतो, आतला प्रवाह संपेपर्यंत. जनरल इलेक्ट्रिकच्या गॉर्डन हॉल आणि बिल गुट्झविलर यांनी तो १९५७ साली तयार केला. याच घराण्याला थायरिस्टर म्हणतात, आणि महाराष्ट्रात त्याचं सगळ्यात थोरलं भावंड पाहायचं तर चंद्रपूर ते पडघे या वाहिनीकडे जावं लागेल. साडेसातशे किलोमीटर लांब, ५०० किलोव्होल्टची, १,५०० मेगावॅट नेऊ शकणारी ही डीसी वाहिनी दोन्ही टोकांना थायरिस्टरच्या रांगांवर चालते. विदर्भाची वीज मुंबईच्या दारापर्यंत आणणारा आणि आपल्याला आठवडे बाजाराला पोचवणारा घटक एकाच जातीचा. आकार सोडला तर दोघांचं काम एकच: सांगेपर्यंत अडवायचं, सांगितल्यावर सोडायचं.

कल्पना मात्र एससीआरपेक्षा पुष्कळ जुनी आहे. निकोला टेस्लाला १८९८ साली गॅस इंजिन पेटवण्याच्या यंत्रणेचं अमेरिकन पेटंट मिळालं. त्यात कपॅसिटर भरायचा आणि योग्य क्षणी कॉईलमध्ये रिकामा करायचा, हेच सांगितलेलं आहे. पण तो योग्य क्षण साधायला त्याच्याकडे सरकते यांत्रिक संपर्कच होते. झिजणार नाही असा स्विच मिळायला साठ वर्षं गेली. १९६९ साली कावासाकीच्या एच-१ या तीन सिलिंडरच्या दुचाकीवर सीडीआय दिसली, आणि दोन स्ट्रोकवाल्यांना तिचं मोल लगेच कळलं. ऑइलमिश्रित पेट्रोलने काळा पडलेला प्लग सावकाश चढणारी वीज फटीपर्यंत पोचायच्या आत काजळीतूनच गळू देतो. सीडीआयचे व्होल्ट इतक्या झटकन चढतात की गळायला वेळच मिळत नाही.

तोवर आपल्याकडच्या राजदूत, येझदी, बुलेटवर पॉइंट आणि कंडेन्सरचं राज्य होतं. पॉइंट म्हणजे उघडझाप करणारे दोन धातूचे तुकडे. ते जळायचे, त्यांवर खड्डे पडायचे, फट वाढायची, टायमिंग सरकायचं. मग पॉलिश पेपरने घासा, फीलर गेजने फट लावा, आणि नेमकं कुठे उघडतात ते बघायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मध्ये धरून हलक्या हाताने ओढा. कागद सुटला तो क्षण ठिणगीचा. जुन्या मिस्तरींची बोटं त्या कागदावर तयार झाली. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये, स्प्लेंडर १९९४ मध्ये, आणि दर काही महिन्यांनी पॉइंट घासायचं काम हळूहळू संपलं. त्याबरोबर डोळ्यांना दिसणारं टायमिंगही गेलं. पॉइंट बिघडलेला दिसत असे. डबी चांगली असली तरी काळी, मेली तरी काळी.

पण पॉइंटांना जमायला जड जाणारी एक गोष्ट डबी मुकाट्याने करते. ठिणगी पडली म्हणजे मिश्रण लगेच सगळं पेटत नाही. ज्वाळा प्लगपासून सिलिंडरच्या कडेपर्यंत पसरायला एक-दोन मिलिसेकंद घेते. पूर्ण दाब पिस्टन वरच्या टोकावरून नुकतं खाली वळलं तेव्हा मिळायला हवा, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच टाकावी लागते. इंजिन सावकाश चाललं असेल तर थोडी आधी, जोरात चाललं तर बरीच आधी, कारण ज्वाळेला लागणारा वेळ फारसा बदलत नाही, पिस्टनकडचा वेळ मात्र आटतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना क्रँकचा एक अंश सरकायला सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग लागतो. या हिशेबात डबी रस्ताभर अचूक राहते. पॉइंटवाल्या गाड्यांत हे काम स्प्रिंग आणि वजनं करत, तीही झिजत.

साध्या डबीला गती कळते कशी? मॅग्नेटवरच्या उंचवट्याला लांबी असते. तो पिकअपसमोर येताना एक झटका देतो आणि निघून जाताना उलट्या दिशेचा दुसरा. गती वाढली की झटके मोठे होतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत गती कमी असताना डबी निघून जातानाच्या झटक्याला ठिणगी टाकते आणि गती चढत गेली की येतानाच्या झटक्याकडे सरकते. म्हणजे ठिणगी किती आधी नेता येईल हे कारखान्यात त्या लोखंडाच्या लांबीतच ठरवून टाकलेलं असतं. प्रोसेसर नाही, प्रोग्रॅम नाही. नंतरच्या डिजिटल डब्यांत दोन्ही आले, पण मला या लोखंडी हुशारीचंच जास्त आश्चर्य वाटतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. टायमिंग लाइट प्लगच्या वायरीला लावला की तो प्रत्येक ठिणगीबरोबर चमकतो. मॅग्नेटच्या झाकणाला पाहायची खिडकी असते, ती उघडून त्यावर हा उजेड मारा. गरागरा फिरणारं चाक थांबलेलं दिसतं! त्यावर कोरलेलं ‘एफ’ अक्षर झाकणावरच्या खुणेसमोर स्वच्छ उभं असतं, शाळेच्या फळ्यावर वाचावं तसं वाचता येतं. आता हळूच रेस द्या. चाक अजून थांबलेलंच दिसतं, पण अक्षर खुणेपासून सरकू लागतं आणि एका जागी जाऊन पुन्हा थबकतं. डबी आपल्यासमोर ठिणगी पुढे नेते आहे. गॅरेजात हा दिवा असेल तर सांगून बघा; नसेल तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मिळेल.

आता बिघाडाकडे. खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि त्या उन्हात डबीच्या शेजारी तापलेलं इंजिन असतं. तिथे मग ठरलेली तक्रार ऐकू येते: सकाळी एका किकमध्ये सुरू, पंधरा-वीस मिनिटं चालली की मिसिंग, मग बंद. झाडाखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू. कारण भौतिकशास्त्राचं आहे. सिलिकॉन तापलं की बंद असतानाही त्यातून थोडी थोडी वीज गळते. तापमान दहाएक अंशांनी चढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. कपॅसिटर भरायच्या आतच पाझरतो, किंवा एससीआर भलत्या वेळी उघडतो आणि गाडी सायलेन्सरमध्ये फटका मारते. दुसरं कारण जास्त साधं. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी डाकाला केसाएवढी चीर गेलेली असते. थंड असताना चिरेच्या दोन कडा टेकलेल्या, तापलं की रेझिन आणि धातू कमी-जास्त फुगतात आणि कडा सुटतात. निवलं की पुन्हा टेकतात.

फक्त हेच सगळं पिकअप कॉईलच्या आणि एक्साइटरच्या बारीक तारेलाही होतं. तक्रारही हीच ऐकू येते. डबी समोर असते, एका स्क्रूत निघते, तर कॉईलसाठी मॅग्नेट ओढावा लागतो, म्हणून पहिला आरोप डबीवर येतो. गाडी दारात लागली की “काय भो, करंट नाही का? सीडीआय गेली असंन,” एवढ्यावर निकाल. माझं स्पष्ट मत आहे की भंगारात जाणाऱ्या डब्यांत निर्दोष पुष्कळ असतात.

आधी प्लग काढून वायरीच्या कॅपमध्ये बसवा, त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून धरा आणि सावलीत किक मारून बघा. दोन सावधगिऱ्या. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून भोकावर फडकं आणि प्लग त्यापासून लांब. आणि प्लग न टेकवता वायर हवेत लोंबकळत ठेवून किक मारायची नाही. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही तर ती एचटी कॉईलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते, आणि कधी डबीलाही बरोबर घेऊन जाते.

ठिणगी दिसली म्हणून सुटका झाली असंही नाही. फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवलं, की ठिणगी उडायला लागणारे व्होल्ट फटीवर जसे अवलंबून असतात तसेच हवेच्या दाबावरही. प्लगची फट उघड्या हवेत तीनेक हजार व्होल्टमध्ये पार होते. सिलिंडरमध्ये मिश्रण आठ-नऊ पट दाबलेलं असतं, तिथे दहा हजार आणि त्याहून जास्त लागू शकतात. म्हणून बाहेर ठिणगी आणि आत अंधार, हे शक्य आहे. बाहेर पिवळट, बारीक दिसणाऱ्या ठिणगीवर विश्वास ठेवू नये. निळी, जाड आणि टचटच आवाज करणारी हवी.

ठिणगी अजिबात नसेल तर माझी आवडती चाचणी. जुन्या एसी सीडीआयच्या गाडीत चावी बंद करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे. एक्साइटर तर किकबरोबर वीज करणारच, ती तोडायची कुठे? म्हणून चावी बंद केली की डबीची एक वायर उलट जोडली जाते, सरळ अर्थला, आणि कपॅसिटर भरायची वीज चेसीत जाते. आता विचार करा: चावीच्या स्विचमध्ये पाणी गेलं किंवा हँडलच्या मानेपाशी ती वायर सोलून चेसीला टेकली, तर गाडीला वाटणार कायम चावी बंद आहे. नवी डबी लावा, दुसरी लावा, ठिणगी येणार नाही. होंडा घराण्याच्या गाड्यांत ही वायर काळी-पांढरी असते. डबीच्या सॉकेटमधून तेवढी एक वायर सोडवून किक मारा. ठिणगी आली तर डबी निर्दोष, स्विच दोषी. ही चाचणी फुकट आहे, आणि गाडी मग चावीने बंद होणार नाही एवढं ध्यानात ठेवलं तर निर्धोकही.

मग मीटर. निळ्या-पिवळ्या वायरीपासून हिरव्या अर्थपर्यंत पिकअप कॉईल, काळ्या-लालपासून हिरव्यापर्यंत एक्साइटर. दोन्हीकडे साधारण शंभर ते काही शे ओहम दिसायला हवेत. नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तकातून घ्यावा. मीटर पार उघडं सर्किट दाखवत असेल तर तार तुटलेली. शक्यतो हे मोजमाप गाडी तापून बंद पडल्यावर लगेच करावं, कारण थंड कॉईल हटकून बरोबर आकडा दाखवते. त्याच वेळी एक ओलं फडकं डबीच्या पाठीवर धरून बघता येतं, सॉकेटमध्ये थेंब जाऊ न देता. डबी निवली आणि लगेच ठिणगी परतली तर आरोप बराचसा सिद्ध झाला.

शेवटचा पुरावा शेजाऱ्याकडे मिळतो. स्प्लेंडर नाही असा वाडा आपल्याकडे शोधावा लागतो. त्याच मॉडेलच्या, त्याच काळातल्या चालू गाडीची डबी पाच मिनिटं उसनी घ्यायची आणि आपली त्याच्या गाडीला लावायची. आपल्या डबीने त्याची गाडीही तापल्यावर बंद पडली, की दुकानात जायला हरकत नाही.

दुकानात फसगत होते ती सॉकेटमुळे. सॉकेट जुळलं म्हणजे डबी जुळली असं नसतं. डीसी डबीच्या जागी एसी बसली तर ती चालणार नाही. उलट केलं तर बारा व्होल्टची अपेक्षा असलेल्या ठिकाणी एक्साइटरचे दोनशे व्होल्ट शिरतात आणि नवी डबी पहिल्या किकलाच खलास. पिना त्याच, पण वायरींचा क्रम वेगळा, असंही असतं. जुन्या डबीवर छापलेला नंबर घेऊन जावं, नुसतं “शंभर सीसीची द्या” म्हणू नये. डीसी डबीच्या गाडीत आणखी एक बघायचं: रेस दिल्यावर बॅटरीवर चौदा-साडेचौदा व्होल्ट असावेत. रेक्टिफायर बिघडून ते सोळा-सतरावर जात असतील तर पहिली डबी त्यानेच मारलेली आहे, आणि दुसरीही तोच मारणार.

बसवण्यात फार काही नाही. चावी बंद, बॅटरी असेल तर तिची निगेटिव्ह वायर सोडलेली. डबीच्या पिनांना बोट लावायचं नाही. कपॅसिटरमध्ये उरलेली वीज जीव घेणार नाही, पण कोपरापर्यंत हात झटकायला लावते. सॉकेट त्याच्या अंगाला धरून ओढायचं, वायरींना धरून नाही. आतल्या पितळेवर हिरवा गंज असेल तर तो कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून, ढिल्या पडलेल्या पिना बारीक पक्कडीने किंचित आवळायच्या. कित्येकदा दोष एवढाच असतो आणि जुनी डबीच पुन्हा चालू होते. चेसीवरचा अर्थचा स्क्रू काढून त्याखालचा रंग आणि गंज खरवडायचा. नवी डबी जुन्या रबरातच बसवायची, सॉकेटचं तोंड खाली राहील अशी, म्हणजे गाडी धुताना पाणी साचणार नाही. केबल टायने चेसीला करकचून बांधलेल्या डब्या मी पाहतो तेव्हा रबर कशासाठी दिलं होतं हे कोणाला तरी सांगावंसं वाटतं. इंजिनाचा हादरा डबीत जाऊ नये म्हणून तर ते असतं.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि ठिणगी व पेट्रोल दोन्हींचा हिशेब ईसीयू हा छोटा संगणक ठेवू लागला. त्याच्यात बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. जुन्या गाडीला अजून एक मीटर, एक ओलं फडकं आणि एक शेजारी पुरतो.

डबी बसली, गाडी सुरू झाली, तरी गॅरेजच्या सावलीत पैसे देऊन मोकळं होऊ नये. तापल्यावर बंद पडणारी गाडी सावलीत नेहमीच सुरू होते. दुपारी दोनच्या उन्हात हायवेने साकेगावपर्यंत जावं, वाघूरच्या पुलापाशी गाडी बंद करून दहा मिनिटं तशीच उन्हात ठेवावी. चालत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीत इंजिनाची सगळी उष्णता वर चढते आणि डबीला, कॉईलला खरी धग तेव्हा बसते. मग किक मारावी. एका किकमध्ये उठली तर जुनी डबी दोषी होती. नाही उठली तर ती फेकलेली नसावी, कारण आता मॅग्नेट ओढून पिकअप कॉईल बघायची आहे.